लहान देशांची सॉफ्ट पॉवर: आर्मेनिया हे उत्तर नाही

तळटीप

परवा याच मंचावर स्पष्टवक्ता यांनी आर्मेनियावर लिहिलं. लेख चांगला होता, पण शेवटी जो निकाल देऊन टाकला तो डोक्यात गेला: सॉफ्ट पॉवर, म्हणजे सैन्य किंवा पैशाचा धाक न दाखवता प्रतिष्ठेवर मिळणारा प्रभाव, ही मोठ्या देशांची चैन आहे, लहान देश तिच्या नादी लागले की त्यांचं आर्मेनियासारखं होतं. पॅरिसपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरलेला समाज, जगभर सहानुभूती, २०२१ मध्ये खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांनी आर्मेनियन लोकांच्या वंशसंहाराला वंशसंहार म्हटलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरात एका दिवसाच्या लढाईत आर्मेनियन वस्तीचं काराबाख अझरबैजानच्या ताब्यात गेलं. लाखभर माणसं मिळेल त्या गाडीने बाहेर पडली. हे सगळं खरं आहे. पण त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहितोय.

सहानुभूती मिळवणं हे एक काम आणि ती नियमात, करारात, कोर्टाच्या कागदात बसवणं हे दुसरं. आर्मेनियाने पहिलं केलं. दुसरं काराबाखच्या बाबतीत झालंच नाही. स्वतः आर्मेनियानेही त्या प्रदेशाला कधी अधिकृत मान्यता दिली नव्हती, आणि १९९३ चे सुरक्षा परिषदेचे चारही ठराव तो अझरबैजानचाच धरून चाललेले. तिथे सॉफ्ट पॉवर हरली असं म्हणणं म्हणजे पेरलंच नाही आणि उगवलं नाही म्हणून जमिनीला नावं ठेवणं.

आता ज्यांनी दुसरं काम केलं ते बघा. माल्टा १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. १९६७ च्या नोव्हेंबरात त्यांचे राजदूत अर्विद पार्दो संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि म्हणाले की देशांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा धरावा. तोवर ज्याच्याकडे यंत्रं त्याचा तळ, अशीच दिशा होती. त्या भाषणातून समिती निघाली, समितीतून परिषद, आणि १९८२ चा समुद्री कायद्याचा करार. शेवटच्या टप्प्यात त्या परिषदेचं अध्यक्षपद कोणाकडे होतं? सिंगापूरच्या टॉमी कोह यांच्याकडे. अमेरिकेने करार आजतागायत मंजूर केलेला नाही, पण त्या करारातलं २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्र १९८३ मध्येच स्वतःसाठी जाहीर करून टाकलं. म्हणजे नियम त्यांनाही वापरावा लागतोच.

गांबियाचं उदाहरण तर ताजं आहे. २०१९ मध्ये या देशाने म्यानमारला रोहिंग्यांच्या प्रश्नावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. त्यामागे होते न्यायमंत्री अबुबकर तांबादू. त्यांनी आधी रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात काम केलं होतं, ते बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीत जाऊन आले होते. पुढच्याच जानेवारीत कोर्टाने म्यानमारविरुद्ध अंतरिम आदेश दिले. आणि पॅसिफिकमधलं वानुआतू? तिथल्या विद्यापीठातल्या कायद्याच्या मुलांनी २०१९ मध्ये मागणी धरली की हवामानाबाबत देशांची जबाबदारी काय ते न्यायालयाने सांगावं, सरकारने ती उचलली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव एकमताने मंजूर केला, आणि जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की हवामानाचं रक्षण ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. तीन लाखांच्या आसपास लोकांचा देश आहे हा.

माझं म्हणणं इतकंच आहे. लहान देशाची सॉफ्ट पॉवर त्याच्या गोड प्रतिमेत नसते. ती असते दहा-वीस वर्षं एकाच विषयाला चिकटून राहिलेल्या मोजक्या माणसांत, आणि इतर देशांना त्यांचा उपयोग होण्यात.

स्पष्टवक्ता

माझंच नाव घेऊन धागा काढलाय तर उत्तर देणं भाग आहे.

तुम्ही दिलेली यादी वाचताना छान वाटते, पण प्रत्येक उदाहरणाचा शेवट तुम्ही मध्येच सोडलाय. गांबियाने खटला घातला. रोहिंग्या कुठे आहेत? कॉक्स बाजारलाच. क्युबावरच्या अमेरिकेच्या निर्बंधांविरुद्ध आमसभा १९९२ पासून ठराव करतेय, विरोधात मत देणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. निर्बंध उठले? त्याच क्युबाने २०१४ मध्ये इबोलाच्या साथीत पश्चिम आफ्रिकेत डॉक्टर पाठवले, जगाने टाळ्या वाजवल्या. पुढे काय? मार्शल बेटांनी त्याच वर्षी अण्वस्त्रधारी देशांवर हेगमध्ये दावे ठोकले, २०१६ मध्ये ते सुनावणीच्या उंबरठ्यावरूनच परत पाठवले गेले.

आणि ज्यांच्याकडे खरंच प्रतिष्ठा होती त्यांनी काय केलं ते बघा. हेलसिंकीचा १९७५ चा करार, इंडोनेशियातल्या आचेचा २००५ चा समझोता, मध्यस्थी म्हणजे फिनलंड अशी ख्याती. युक्रेनवर हल्ला झाल्यावर एप्रिल २०२३ मध्ये फिनलंड नाटोत. मार्च २०२४ मध्ये स्वीडन. ज्यांना हा विषय सगळ्यात जास्त कळतो त्यांनीच वेळ आल्यावर तोफांची छत्री धरली. कोस्टा रिकाने १९४८ मध्ये सैन्य बरखास्त केलं म्हणून सगळे भरभरून कौतुक करतात. त्यामागे १९४७ चा रिओ करार, म्हणजे अमेरिका खंडातल्या देशांनी एकमेकांचं रक्षण करायचं वचन, होता हे कोणी सांगत नाही.

भाषण करणारा लहान देश हरला तर त्याची माणसं मरतात हो. आपण इथे टंकत बसतो.

मृण्मयी

स्पष्टवक्ता, कतारचं काय करणार तुम्ही? मी २०१७ च्या जूनमध्ये दोह्यात नोकरीला होते. सौदी, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने एका पहाटे संबंध तोडले. जमिनीवरून देशाबाहेर जायचा एकच रस्ता, तोही सौदीतून, तो बंद. ऑफिसमध्ये दिवसभर कोणी काम केलं नाही. संध्याकाळी दुकानात दुधाच्या फळीवर सौदी कंपनीची पाटी तशीच होती आणि खाली काहीच नव्हतं. काही दिवसांनी त्याच पाटीखाली तुर्की अक्षरांचे डबे आले. मग तर गायीच विमानाने आणल्या.

तेरा मागण्या होत्या, त्यात कतारची अल जझीरा वाहिनी बंद करा ही एक. जानेवारी २०२१ मध्ये नाकेबंदी उठली तेव्हा अल जझीरा चालूच होतं. मधल्या काळात, २९ फेब्रुवारी २०२० ला, अमेरिका आणि तालिबानने सही कुठे केली? दोह्यात. कतारने वर्षानुवर्षं सगळ्यांशी बोलायची सवय ठेवली होती, अगदी ज्यांच्याशी कोणी बोलत नाही त्यांच्याशीही. म्हणून तो एकटा पडला नाही. मी आत राहून पाहिलंय, तुम्ही बाहेरून सांगू नका.

स्पष्टवक्ता

ताई, अल उदैदच्या तळावर हजारो अमेरिकन सैनिक होते, तुर्कस्तानने आपलं सैन्य पाठवलं आणि जमिनीखाली गॅस आहे. याला सॉफ्ट पॉवर म्हणायचं असेल तर मग सगळंच सॉफ्ट. आणि जून २०२५ मध्ये इराणने त्याच तळावर क्षेपणास्त्रं सोडली, सप्टेंबरात इस्राएलने थेट दोह्यात हवाई हल्ला केला, तोही मध्यस्थीच्या चर्चेसाठी तिथे असलेल्या माणसांवर. मध्यस्थाचं घर सुरक्षित राहत नसेल तर त्या मध्यस्थीचा उपयोग मालकाला काय?

जुना खलाशी

इतका वेळ वाचत होतो. मार्शल बेटांचं नुसतं नाव निघालं तरी मला लिहावंसं वाटतं.

तुम्ही लहान देशांच्या भाषणांबद्दल बोलताय. हे देश आपला झेंडा भाड्याने देतात, म्हणजे परदेशी मालकांची जहाजं पैसे घेऊन आपल्या नावावर नोंदवतात, त्याबद्दल कोणी बोलेल का? लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं. टनांच्या हिशेबाने जगातली सगळ्यात जास्त जहाजं या तीन झेंड्यांखाली. मार्शल बेटांची नोंदणी चालते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून, एका खाजगी कंपनीकडून. लायबेरियाचीही तिकडूनच. याला सार्वभौमत्व म्हणायचं?

माझं स्वतःचं सांगतो. कोणत्या झेंड्याचं जहाज ते सांगत नाही, मालकाचंही नाव घेत नाही. मालक बुडाला आणि आम्ही बंदराबाहेर अँकरेजवर, नांगर टाकून अडकलो. पगार बंद. डिझेल वाचवायला रात्री जनरेटर बंद, मग केबिनमध्ये झोपणं अशक्य, सगळे डेकवर. दिवसा थोडा वेळ जनरेटर चालू केला की सगळ्यांचे फोन एका मल्टिप्लगला. चीफ इंजिनीअर साठीला आलेला, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यावर तो गोळीचे अर्धे तुकडे करून घ्यायचा. बंदरात उतरू देत नव्हते कारण जहाज सोडलं तर ते कोणाच्या गळ्यात पडणार हा वाद. ज्या देशाचा झेंडा मागे फडकत होता त्याच्या कार्यालयाला मेल केल्या. उत्तर आलं की तुमची मेल मिळाली. बस्स. जहाजाच्या पाठीवर ज्या बंदराचं नाव रंगवलं होतं ते आमच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं.

शेवटी घरी आलो ते युनियनच्या एका इन्स्पेक्टरमुळे. त्यामुळे हे देश न्यायाची भाषा करतात तेव्हा माझं रक्त खवळतं.

तळटीप

खलाशी, जे सोसलंत त्याबद्दल वाईट वाटतं. पण हा विषय वेगळा आहे. यावर स्वतंत्र धागा काढा, मी स्वतः त्यात लिहीन.

जुना खलाशी

वेगळा कसा? तुम्हीच म्हणालात की लहान देशाची ताकद इतरांना उपयोगी पडण्यात आहे. झेंडा हाच त्यांचा उपयोग. कोणाला उपयोगी पडतात ते विचारलं की विषय वेगळा होतो होय?

पाटीपेन्सिल

मी सागरी कायदा शिकवतो, म्हणून राहवत नाही. खलाशीकाका, अर्धंच सांगताय. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा करार सगळ्यात आधी कोणी मंजूर केला? लायबेरियाने, त्याच वर्षी. पाठोपाठ २००७ मध्ये मार्शल बेटांनी. हा करार लागू व्हायला जगाच्या एकूण जहाज-टनांपैकी ठराविक वाटा सह्या करणाऱ्यांकडे असावा लागत होता, म्हणून हे झेंडे आले नसते तर तो कपाटातच राहिला असता. तो २०१३ मध्ये लागू झाला. २०१७ च्या जानेवारीपासून तर प्रत्येक जहाजाला विमा दाखवावा लागतो: मालकाने वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतायचा खर्च. त्याचं प्रमाणपत्र खलाशांना दिसेल असं लावावं लागतं. विमा कंपनीला तो बंद करायचा असेल तर झेंड्याच्या देशाला ३० दिवस आधी कळवावं लागतं.

जुना खलाशी

लावलेलं असतं हो, मेसरूमच्या भिंतीवर, लॅमिनेट करून. आमचंही होतं. तारीख उलटून गेली होती. देशाला ३० दिवस आधी कळवलं असेल, आम्हाला कोणी कळवायचं? नियम वर्गात शिकवायला ठीक आहे सर. त्या भिंतीसमोर बसून जेवून बघा.

पाटीपेन्सिल

मी तुमच्यावर ओरडत नाहीये. पण २०१७ च्या आधी अडकलेल्यांकडे तो कागदही नव्हता, उलटलेल्या तारखेचाही नव्हता. ज्यांना त्या विम्यातून पैसे मिळाले त्यांच्याशी मी बोललोय.

मृण्मयी

काका, सरांशी असं बोलायचं काही कारण नव्हतं.

जुना खलाशी

ताई, मध्ये पडू नका. त्यांनी ‘अर्धंच सांगताय’ म्हटलं ते मला लागलं. अर्धं मी सांगितलेलं नाही, मी जेवढं भोगलं तेवढं सांगितलं.

स्पष्टवक्ता

खलाशीकाकांनी जे मांडलंय ते तळटीपच्या अख्ख्या लेखाला पुरून उरतं. यालाच लहान देशाचं परराष्ट्र धोरण म्हणतात: सार्वभौमत्वाचे तुकडे करून विकायचे. कोणी झेंडा विकतो, कोणी तैवानला मान्यता देतो आणि मग काढून घेतो. नाउरूने जानेवारी २०२४ मध्ये तेच केलं.

तळटीप

बरं. विषय इथेच आलाय तर इथेच घेऊ.

मार्शल बेटांची लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात. १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. टोनी देब्रम नऊ वर्षांचे असताना आजोबांबरोबर मासेमारीला गेले होते, तेव्हा त्यांनी १९५४ चा तो सगळ्यात मोठा स्फोट पाहिला. हाच मुलगा पुढे परराष्ट्रमंत्री झाला. स्पष्टवक्ता ज्या फेटाळलेल्या दाव्यांबद्दल हसताय ते यांनीच घातले. २०१५ मध्ये पॅरिसला तापमानवाढीवर दीड अंशाची मर्यादा हवामान करारात यावी म्हणून श्रीमंत आणि गरीब देशांची मोट बांधली ती यांनीच. दीड अंश आज ओलांडायला आलाय हे मला माहीत आहे. पण वानुआतूने मागितलेलं न्यायालयाचं जुलै २०२५ चं मत त्याच आकड्यावर उभं आहे.

आता झेंडा. देब्रम २०१५ मध्येच लंडनला, जहाज वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत गेले. तोवर तिथे मार्शल बेटांच्या खुर्चीत ती नोंदणी कंपनीच बसत होती. त्यांनी ती खुर्ची परत घेतली आणि जहाजांच्या धुरावर मर्यादा घाला म्हणून सांगितलं. खलाशीकाका, ज्या संघटनेत कोणाची किती टनांची जहाजं याला वजन आहे, वर्गणीसुद्धा त्यावरच, तिथे चाळीस हजारांच्या देशाचं ऐकलं गेलं ते त्याच झेंड्यामुळे. २०२१ मध्ये सॉलोमन बेटांबरोबर त्यांनी जहाजांच्या धुरातल्या कार्बनवर टनामागे १०० डॉलर शुल्काचा प्रस्ताव ठेवला. आपल्याच गिऱ्हाइकांवर. पोटावर पाय देऊन घेणं म्हणतात याला.

स्पष्टवक्ता

आणि त्या शुल्काचं काय झालं तेही लिहा की. मी लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये पाणी घातलेला मसुदा मतदानाला आला, इतकं पाणी घातलेलं की पॅसिफिकच्या बेटांनीच तटस्थ राहणं पसंत केलं. ऑक्टोबरात तो पक्का व्हायचा होता. अमेरिकेने पाठिंबा देणाऱ्यांना व्हिसा आणि बंदर शुल्काच्या धमक्या दिल्या, सौदीने पुढे ढकलायचा प्रस्ताव मांडला, आणि वर्षभरासाठी गेला बाजूला. दहा वर्षांची मेहनत एका आठवड्यात. हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

पाटीपेन्सिल

एका आठवड्यात ते अडवायला जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाला राजदूतांपासून मंत्र्यांपर्यंत सगळे कामाला लावावे लागले. ज्याला किंमत नसते त्याला कोणी धमकी देत नाही.

स्पष्टवक्ता

सर, धमकी मिळाली हा विजय धरायचा असेल तर आर्मेनिया रोजच जिंकत होता.

तळटीप

मग ज्यात जमीन हलली असं एक घ्या. मॉरिशस. १९६५ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटनने शागोस बेटं मॉरिशसपासून कापून वेगळी केली, पुढे तिथल्या लोकांना हाकललं आणि दिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं. मॉरिशसकडे नौदल म्हणावं असं काही नाही. ते आमसभेत गेले, २०१७ मध्ये प्रश्न हेगला पाठवून घेतला, २५ फेब्रुवारी २०१९ ला न्यायालय म्हणालं की ब्रिटनने लवकरात लवकर तिथलं प्रशासन संपवावं. मे महिन्यात आमसभेत ११६ विरुद्ध ६. ब्रिटनच्या बाजूला किती उरले बघा. मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली. समोर ब्रिटन, त्याच्या मागे अमेरिका, दोघेही अण्वस्त्रधारी. एक गोळी नाही.

स्पष्टवक्ता

तळ तिथेच राहतोय, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. सही म्हणजे ताबा नव्हे.

पण ठीक आहे. ११६ विरुद्ध ६ हा आकडा मी नाकारत नाही. ब्रिटन सही करण्यापर्यंत येईल असं मला २०१९ मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी ते मानलं नसतं. मॉरिशस बाजूला ठेवून बोला, बाकी माझं म्हणणं कायम आहे. आणि मॉरिशसला जमलं कारण समोर कोर्टाचं नाव निघालं की ज्याला लाज वाटते असा देश होता. अझरबैजानसमोर हा प्रयोग करून दाखवा.

तळटीप

हे मान्य. समोर कोण आहे यावर बरंच अवलंबून आहे. पण तुमच्या लेखात ‘समोर कोण’ हा शब्दच नव्हता. सरसकट ‘चैन’ होतं.

जुना खलाशी

त्या बेटांवरून ज्यांना काढलं त्यांना कोणी विचारलं? सही व्हायच्या दिवशीसुद्धा दोन शागोशियन बायका लंडनच्या कोर्टात उभ्या होत्या, आम्हाला विचारल्याशिवाय हे करू नका म्हणून. मॉरिशस जिंकला, ब्रिटन सुटला, अमेरिकेचा तळ शाबूत. घर ज्यांचं त्यांचं काय?

मृण्मयी

काका, हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

पाटीपेन्सिल

न्यायालयासमोर देश येतात, माणसं येत नाहीत. शागोशियन लोकांना स्वतःचा दावा तिथे घालताच येत नाही. मॉरिशसने एका शागोशियन बाईचं निवेदन सुनावणीत ऐकवलं होतं, तेवढीच त्यांची जागा. तुमचा मुद्दा बरोबर आहे काका, फक्त त्याचा दोष लहान देशाच्या माथी मारू नका.

जुना खलाशी

मारणारच. मोठ्यांकडून मी अपेक्षाच ठेवत नाही. पण मानवजातीचा वारसा वगैरे जे बोलतात त्यांना मी माझ्या मेलचं उत्तर मागणार. झेंडा तुमचा, तर जहाजावरचा माणूसही तुमचा. त्या देब्रमनी खुर्ची परत घेतली हे आज कळलं, चांगलं केलं त्यांनी. त्याच खुर्चीत बसून खलाशांसाठी एक माणूस नेमा, फोन उचलणारा. मग मी तळटीपच्या बाजूने लिहीन.

तळटीप

हे मी माझ्या मूळ मुद्द्यातच धरतो. मोजकी, चिकट माणसं म्हणालो होतो, त्यात हा फोन उचलणारा माणूसही येतो.

स्पष्टवक्ता

तसा माणूस कुठल्याही झेंड्याने नेमला तर नाव इथे टाका. तोवर माझा लेख आहे तसाच राहील.